नऊ शनिवार, तीन घरभेटी: ऑटिझमवाल्या पालकांचा कोर्स, आमचा अनुभव

तिघीचौघींनी वेगवेगळं विचारलं की तो शनिवारचा कोर्स कसा होता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही पुण्यात धायरीत राहतो, मुलगा साडेपाच वर्षांचा, तिसऱ्या वर्षी ऑटिझम कळला. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि चार-पाच माणसं आपली नोकरी सांभाळून हे चालवतात, त्यांना उगाच नावानिशी झोडपायचं जिवावर येतं. तसंही कोर्स त्यांच्या घरचा नाहीये, डब्ल्यूएचओचा आहे, केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग नावाचा, २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी. नऊ ग्रुप सेशन आणि तीन घरभेटी. सगळीकडे सांगाडा तोच, त्यामुळे तुमच्या गावात कुणी घेत असेल तर साधारण हेच मिळेल.

फी नव्हती, चहा आणि झेरॉक्सचे मिळून पाचशे रुपये घेतले.

आता मुलाला तिथे कुणी काही शिकवेल या आशेने जाऊ नका, मुलाला तर न्यायचंच नसतं. मी हे नीट वाचलंच नव्हतं, पहिल्या दिवशी त्याला, त्याचा डबा, दोन एक्स्ट्रा चड्ड्या असं सगळं घेऊन गेले आणि मग सासूबाईंना रिक्षाने बोलावून घ्यावं लागलं. चिडलेच होते मी. आम्ही आधीच आठवड्याला तीन थेरप्या करत होतो, स्पीच, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी आणि एक स्पेशल एज्युकेटर, पाऊण तासाचे आठशे, आणि तिथली पद्धत म्हणजे मूल आत, आई बाहेर खुर्चीवर मोबाईल बघत, शेवटी दार उघडून ताई सांगणार "आज छान बसला, मधे थोडा चिडला". संपलं. घरी येऊन नक्की काय करायचं ते आपलं आपण बघायचं. आणि इथे बरोब्बर उलटं, उरलेल्या तासांचं काय करायचं तेवढंच शिकवतात. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन शनिवार गेले.

शिकवणाऱ्या ताई डॉक्टर नाहीत, थेरपिस्टही नाहीत. एक अंगणवाडीत काम केलेल्या आणि दुसऱ्या स्वतः एका १९ वर्षांच्या मुलाच्या आई. मला आधी वाटलं हे काय आपल्याला सांगणार, पण हा कोर्स बनवलाच तसा आहे की जिथे स्पेशालिस्ट नाहीत तिथे ट्रेनिंग घेतलेल्या साध्या माणसांनाही तो घेता यावा. आणि खरं सांगू का, त्या आईताईंनी एखादी गोष्ट सांगितली की "हो पण प्रॅक्टिकली" असं म्हणायला तोंड उघडायचंच नाही, कारण त्यांनी ते पंधरा वर्षं केलेलं असायचं.

सेशन अडीच तासांचं. पहिली तीन खेळात आणि घरातल्या कामांत मुलाला सोबत कसं घ्यायचं यावर, मग बोलण्यावर आणि न बोलता सांगण्यावर दोन, मग चिडचिडीवर दोन, एक नवीन गोष्टी शिकवण्यावर, आणि शेवटचं आपल्या स्वतःवर. हँडआउटचं मराठी मात्र भयंकर. "आव्हानात्मक वर्तन", "सहभागिता टिकवून ठेवणे". आमच्यातल्या एकीने विचारलं आव्हानात्मक वर्तन म्हणजे काय हो, ताई म्हणाल्या मूल जमिनीवर लोळतं, मारतं, चावतं ते. "मग राडा म्हणा की!" तेव्हापासून सहावं सेशन राड्याचं आणि सातवंही राड्याचंच. त्यात नाटक करायचं असतं, एक जण पालक आणि एक जण मूल. हडपसरहून येणारे एक दादा, चांगले सहा फुटी गृहस्थ, डीमार्टच्या बिलिंगच्या लाईनमध्ये लोळणाऱ्या मुलाचं काम करायला खरोखर फरशीवर आडवे झाले आणि त्यांच्यासमोर आई झालेली बाई एकदम रडायलाच लागली. हसता हसता सगळ्यांची वाट लागली होती, मग कुणीच हसेना.

घरभेटीबद्दल सविस्तर लिहिते कारण माझ्या मते पैसे वसूल तिथे झाले. आमच्या चिरंजिवांना चिमटे लागतात, कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे. गॅलरीच्या कठड्यावर एकाला एक लावून रांग, आधी सगळे निळे, मग हिरवे, आणि मधे कुणी हात घातला की राडा. मी ते चिमटे लपवून ठेवायचे, कुणीतरी सांगितलं होतं की रांगा लावू देऊ नका, सवय वाढते. ताई आल्या, म्हणाल्या काढा चिमटे. त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या, बोलल्या काहीच नाहीत. तो एक लावायचा, त्या त्यांच्या बाजूला एक लावायच्या. पाच मिनिटं हेच. मी बाजूला उभी राहून मनात म्हणतेय बाई आता काहीतरी करा. मग त्यांनी हळूच सगळे निळे चिमटे आपल्या ओंजळीत घेतले, एक त्याच्यासमोर धरला आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. त्याने चिमट्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि मग वर त्यांच्या तोंडाकडे. लगेच चिमटा दिला आणि "निळा" म्हणाल्या, बस, एकच शब्द. दुसरा चिमटा, पुन्हा थांबल्या. नववा की दहावा होता, त्याने हात पुढे केला. मला नंतर म्हणाल्या, तुम्ही फार बोलता हो ताई, त्याची पाळीच येत नाही. आणि ते खरंच होतं, मी दिवसभर "हे काय आहे बाळा, बॉल आहे ना, बॉल म्हण, म्हण बॉल" अशी कॉमेंट्री चालवायचे.

त्यानंतर कपडे वाळत घालणं हा आमच्याकडे रोजचा कार्यक्रम झाला. मी कपडा टाकणार, तो चिमटा देणार. दोन महिन्यांनी एकदा मी मुद्दाम रिकामा हात पुढे करून थांबले तर स्वारी म्हणाली "घे". बोलायला लागला असं म्हणत नाहीये मी, शब्द अजूनही मोजकेच आहेत, पण ते "घे" मला उद्देशून होतं. सासूबाई आत पोळ्या लाटत होत्या, तशाच पिठाच्या हाताने बाहेर आल्या. इतकी वर्षं त्यांचं एकच पालुपद होतं, अगं त्याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. त्या दिवसापासून चिमट्यांचा डबा त्यांच्या ताब्यात, दुपारची पाळी त्यांची.

राड्याच्या सेशनमधनं एकच सांगते. आठवडाभर लिहून काढायचं, राड्याच्या आधी काय झालं आणि नंतर आपण काय केलं. मला वाटायचं हा अकरा-साडेअकराला उगाचच किंचाळतो. लिहिल्यावर कळलं की ती कुकरची वेळ आहे, शेजारच्या फ्लॅटमधला कुकर, आमचा तर नऊलाच होतो. शेजारच्या काकूंना सांगितलं, त्या बिचाऱ्या आता कुकर लावताना आमची बेल वाजवतात आणि आम्ही आतल्या खोलीत जातो. गणपतीत ढोल-ताशाला कुणाची बेल वाजवणार, म्हणून तेव्हा कानावरचे मफ, ड्रिलिंगवाले लावतात ना तसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. विसर्जन आम्ही तरी वरूनच बघितलं.

सेशननंतरचा चहा अर्धा तास ठरलेला, प्रत्यक्षात दीड तास. इथे कुणालाच स्वतःचं नाव नाही, सगळ्या अमक्याची आई, तमक्याची आई. माझी निम्मी माहिती या चहातली आहे. दिव्यांग सर्टिफिकेट काढायचं असतं हे मला माहीत होतं पण मी टाळत होते, एकदा शिक्का बसला की बसला असं वाटायचं. १९ वर्षांच्या मुलाच्या त्या ताई म्हणाल्या, शिक्का कपाळावर नसतो गं, फाईलमध्ये असतो, गरज पडेल तेव्हा काढायचा. मग एका सरकारी हॉस्पिटलात चार चकरा मारल्या, एकदा सायकॉलॉजिस्ट रजेवर, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा "बुधवारी या", चौथ्यांदा झालं. तिथे इसा नावाची टेस्ट करतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, ७० पासून पुढे ऑटिझम धरतात. लोकांना अजून वाटतं ऑटिझमला सर्टिफिकेट मिळत नाही, पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलं की बहुतेक सवलती लागू. आम्हाला ६० टक्के मिळालं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नंतर पोस्टाने घरी आलं.

मग निरामय. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा हेल्थ इन्शुरन्स आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी नाही, आणि ओपीडी आणि थेरपीचा खर्च पण ठराविक मर्यादेत मिळतो, जो नेहमीच्या पॉलिसीत कुणी दारात उभा करत नाही. फी काहीशे रुपयांत. १ लाख आजच्या हॉस्पिटलच्या बिलापुढे काहीच नाही हे मान्य, पण थेरपीचं थोडं तरी परत येतं, म्हणून पावत्या जपा, साध्या कागदावरच्या चालत नाहीत, माझ्या सहा महिन्यांच्या तशाच गेल्या. आणि टॅक्स, दिव्यांग मुलासाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८० डीडी) ७५,००० ची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख, फक्त जुन्या रेजिममध्ये. आमचे हे स्वतः अकाउंट्समध्ये आहेत आणि त्यांनाही हे चहातूनच कळलं.

त्याच चहात एकजण स्टेम सेलचं पत्रक घेऊन आले होते, काही लाखांचं पॅकेज, हप्त्याची सोय. ताईंनी शांतपणे सांगितलं की ऑटिझमसाठी हा उपचार म्हणून करू नये असं नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डाने २०२२ मध्येच सांगितलंय. त्या गृहस्थांनी टोकन भरलं होतं. पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत, तिसऱ्याला आले, आम्ही कुणीच काही विचारलं नाही.

आता तक्रारी. मुलं सांभाळायची सोय शून्य. ज्यांच्या घरी सासू, आई, कुणीही नाही त्यांनी काय करायचं? दोघी याच कारणाने तिसऱ्या सेशननंतर गळल्या, आणि माझ्या मते कोर्सची गरज त्यांनाच सगळ्यात जास्त होती. शेजारच्या वर्गात दोन कॉलेजची पोरं बसवली असती तरी चाललं असतं, हे मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय. वेळापत्रक म्हणजे आनंद, गणपती, मग हॉल मिळाला नाही, मग एक ताई आजारी, सहाव्या आणि सातव्या सेशनमध्ये पाच आठवडे, तोवर सहाव्यातलं निम्मं विसरलो. वीस जणांत बाबा फक्त तीन, आणि शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ ठेवल्यावर दुसरं काय होणार. आमचे हे एका घरभेटीला होते, तेवढ्यावर ते आता मला शिकवतात की "थांब, त्याची पाळी येऊ दे".

मोठ्या मुलांसाठी यात काही नाही, भावंडांसाठी तर नाहीच. आणि व्हॉट्सॲप ग्रुप म्युट करा लगेच, गुड मॉर्निंग आणि मुलांचा गहू बंद करायचा की नाही यावरची भांडणं.

शेवटचं सेशन पालकांच्या स्वतःच्या तब्येतीवर असतं, तिथे श्वासाचे व्यायाम वगैरे होतं, ते मला ठीकठाक वाटलं. पण त्यात मी शेवटी विचारलंच, जे सगळ्यांना विचारायचं असतं, मोठा झाल्यावर याचं काय. १९ वर्षांवाल्या ताईंनी गोड काही सांगितलं नाही. म्हणाल्या अठरा पूर्ण झाले की आई-बाप आपोआप गार्डियन राहत नाहीत, कलेक्टरच्या कमिटीकडे अर्ज करावा लागतो, मी केलाय, कागद दाखवते. आणि मुंबईला गेलीस तर जुहूचं कॅफे अर्पण बघून ये, ऑटिझम, डाऊन सिंड्रोम असलेली मोठी माणसं तिथे काम करतात, माझा मुलगा आता घरी रोज ट्रे धरायची प्रॅक्टिस करतो. अजून गेलो नाहीये, दिवाळीत बघू.

तर, पाचात चार. मूल नऊच्या आतलं असेल आणि शनिवारी घरी कुणी असेल तर डोळे झाकून जा. सेशन चुकवलंत तर चालवून घेतात, घरभेट मात्र चुकवू नका, आणि ताई येणार म्हणून घर आवरून ठेवू नका, त्यांना पसाराच बघायचा असतो. पुण्याबाहेर असाल आणि इंग्रजीची अडचण नसेल तर डब्ल्यूएचओने हाच कोर्स ऑनलाईन फुकट ठेवलाय, त्यात घरभेट आणि चहा नाही एवढंच. पुढची बॅच गणपतीनंतर आहे म्हणे. कप आपला आपण न्या, तिथले कागदी असतात, गळतात.