व्हॉट्सअॅप बिझनेस अॅप: ५ पैकी ४ स्टार, आणि माझ्या चुकांसकट रिव्ह्यू

आधीच सांगते, मी काही मार्केटिंगवाली नाही. घरी बसून कापडी पिशव्या आणि पाऊच शिवते, शिवणारी मी, पॅक करणारी मी आणि रात्री साडेअकराला "हॅलो आहे का" असा मेसेज आला की उठून बघणारी पण मीच. हे अॅप २०१८ पासून आहे, फुकट आहे, मी मात्र खूप उशिरा घेतलं, आणि सुरुवातीला ते ज्या पद्धतीने वापरलं ते आठवलं की आता लाज वाटते.

सगळ्यात मोठा घोळ ग्रुपचा. नवीन डिझाईन्स आली होती, म्हटलं एकेकाला कोण पाठवत बसणार, फोनमधले सगळे कस्टमर उचलले आणि टाकले एका ग्रुपमध्ये, कोणाला विचारणं वगैरे काही डोक्यातच नाही. तासाभरात "लेफ्ट", "लेफ्ट", "लेफ्ट" अशी रांग लागली. एका ताईंनी वेगळा मेसेज करून विचारलं की माझा नंबर एवढ्या अनोळखी लोकांना का दिला? मला पहिल्यांदा कळलंच नाही त्या काय म्हणतायत, मी कुठे दिला? मग ट्यूब पेटली, ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात ना. माफी मागितली, ग्रुप डिलीट केला. त्यातल्या काही जणी परत कधीच आल्या नाहीत आणि मी त्यांना दोष पण देत नाही.

मग ब्रॉडकास्ट लिस्टकडे आले. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, उत्तर फक्त आपल्याला येतं, कोणाला कोणाचा पत्ता नाही. आणि यातली खरी गंमत म्हणजे ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. यावर धंदेवाले लोक जाम वैतागतात, मी पण वैतागले होते. आता मला वाटतं की या अॅपमधली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच आहे. ज्याला तुमचा नंबर सेव्ह करावासा पण वाटला नाही त्याला तुमच्या नवीन स्टॉकचं काय पडलंय? आता मी पार्सल देतानाच विचारते, नवीन आलं की कळवू का? हो म्हणाले तर नंबर सेव्ह करायला सांगते. नाही म्हणाले तर विषय संपला.

लेबल म्हणजे चॅटवर लावायची खुणेची चिठ्ठी, तिचा उपयोग पण मी इथेच करते. अॅपमध्ये नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी अशी लेबलं आधीपासून असतात, मी त्यात "कळवायचं नाही" हे एक वाढवलंय आणि ते इतर सगळ्यांपेक्षा जास्त कामाला येतं. मध्यंतरी "कटकट" नावाचं पण एक होतं, खरं सांगते. लेबल कस्टमरला दिसत नाही त्यामुळे काय बिघडतंय असं वाटायचं. पण ते दिसलं की माझंच डोकं चॅट उघडायच्या आधी तापायचं आणि साध्या प्रश्नाला पण तुसडं उत्तर जायचं. काढून टाकलं.

आता ग्रीटिंग मेसेज. कोणी पहिल्यांदा मेसेज केला, किंवा १४ दिवस काही बोलणं झालेलं नसताना केला, की हा आपोआप जातो. माझा ग्रीटिंग मेसेज म्हणजे निबंध होता, नऊ ओळी, पार्टीच्या इमोजी, "आमच्या परिवारात तुमचं मनापासून स्वागत", खाली इन्स्टाची लिंक, फेसबुकची लिंक, फॉलो करा शेअर करा. तर एक बाई, त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी पाऊच घेतला होता, त्यांनी मेसेज केला की चेन पहिल्याच आठवड्यात निघून आली. आणि त्यांना लगेच उत्तर काय गेलं, तर परिवारात स्वागत आणि पार्टी. मी मशीनवर होते, दोन तासांनी बघितलं. त्यांनी मधे फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं होतं.

अवे मेसेजचं तसं नाही, तो वेळ ठरवून लावता येतो, धंद्याच्या वेळेबाहेर आपोआप जातो. मी लिहिलंय की रात्री फोन बघत नाही, सकाळी १० नंतर उत्तर देते. लोक समजून घेतात, एकानेही तक्रार केली नाहीये. त्याआधी मी रात्री बाराला पण रिप्लाय द्यायचे आणि मग लोकांना तीच सवय लागली, ती मीच लावली होती.

कॅटलॉगबद्दल थोडं. फोटो, माहिती, किंमत, सगळं टाकता येतं, ५०० वस्तू मावतात, माझ्या चाळीसच आहेत. किंमत रिकामी ठेवता येते आणि बरेच जण ठेवतात. का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. "किंमतीसाठी इनबॉक्स करा" हे वाचलं की मी स्वतः ग्राहक म्हणून पुढे सरकते, कारण विचारलं की मग चार दिवस "मॅम घेताय ना" चालू होतं. किंमत लिहा हो. ज्याला परवडत नाही तो गुपचूप जाईल, तुमचा वेळ वाचेल आणि त्याची पण अडचण होणार नाही.

स्टेटसबद्दल एक सावधगिरी. कौतुकाचा मेसेज आला की स्क्रीनशॉट काढून स्टेटसला लावायचा मोह होतो, २४ तासांत जातोच म्हणून आपण बिनधास्त असतो. मी एकदा लावला तर वर पूर्ण नंबर दिसत होता, त्या बाईंचा फोन येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. आता विचारून लावते, नाव नंबर कापून. आणि हे काहीच नाही, मी एका दुकानाच्या पेजवर बघितलंय की कस्टमरने तक्रार लिहिली तर मालकाने खाली सगळ्यांसमोर तिचा पत्ता आणि काय काय घेतलं ते टाकलं, ती खोटं बोलतेय हे दाखवायला. ती खरी का खोटी मला माहीत नाही, पण मी त्या दुकानातून परत काही घेतलं नाही. तक्रारीला जाहीर उत्तर दोन ओळींचं पुरतं, बाकी फोनवर बोला.

रागात लिहिलंच तर या अॅपमध्ये १५ मिनिटांच्या आत मेसेज एडिट करता येतो. डिलीट केलात तर तिथे "मेसेज डिलीट केला" असं दिसत राहतं, आणि मग समोरचा विचार करत बसतो की काय लिहिलं होतं बाई हिने. आणि जास्त लोकांनी ब्लॉक रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होऊ शकतो, सगळ्या ऑर्डरी त्याच नंबरवर असतात हे लक्षात ठेवा.

एक स्टार कापलाय कारण एकच नंबर साध्या आणि बिझनेस दोन्ही अॅपवर एका वेळी चालत नाही, धंद्याला वेगळं सिम ठेवावं लागतं. तसं ते एका अर्थी बरंच झालं, नाहीतर घरच्या ग्रुपमधले जोक कस्टमरला जायचे कधीतरी.

चेनवाल्या बाईंना दुसरा पाऊच पाठवला, त्यांनी घेतला, एक थम्सअप आला. ग्रीटिंग मेसेज आता दोन ओळींचा आहे, त्यात पार्टी नाही.