ऑब्जेक्ट स्टोरेजचा डॅशबोर्ड: किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या हाती?

स्वतःच्या सर्व्हरवर ऑब्जेक्ट स्टोरेज (फायली 'ऑब्जेक्ट' म्हणून 'बकेट' नावाच्या कप्प्यांत साठवणारी प्रणाली) चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी ती सांभाळण्याचे वेब-पान, म्हणजे डॅशबोर्ड, असा कधी निवडलेलाच नसतो. मिनिओ हे असेच एक स्टोरेज बसवले की त्याचा वेब कन्सोल (बहुधा ९००१ पोर्टवर) सोबतच मिळत असे आणि बकेट, वापरकर्ते, पॉलिसी (कोणाला काय करता येईल याचे नियम) ही सारी कामे तिथेच उरकत. मे २०२५ मधील आवृत्तीने मिनिओच्या सामुदायिक आवृत्तीतून व्यवस्थापनाचा हा भाग काढून घेतला, मागे प्रामुख्याने फायली पाहण्या-चढवण्याची सोय राहिली आणि बाकीची कामे 'एमसी' या कमांडकडे गेली. स्टोरेज तेच राहूनही त्यावरचा डॅशबोर्ड एका अपडेटमध्ये निम्मा होऊ शकतो, हे तेव्हा अनेकांच्या पहिल्यांदा ध्यानात आले, आणि माझा शोधही तिथूनच सुरू झाला.

पर्याय पाहताना एक भेद आधी स्पष्ट करून घ्यावा लागला. काही साधने केवळ एस-थ्री (ऑब्जेक्ट स्टोरेजशी बोलण्याची रूढ झालेली, मूळची अॅमेझॉनची पद्धत) हा प्रोटोकॉल बोलतात. त्यांना बकेट आणि ऑब्जेक्ट दिसतात, पण नवी अॅक्सेस की (प्रवेशाची किल्ली) देणे, कोटा (जागेची मर्यादा) ठरवणे किंवा एखादा नोड (स्टोरेजमधला एक सर्व्हर) बंद पडला आहे का हे पाहणे त्यांच्या आवाक्यात नसते, कारण या गोष्टी प्रत्येक स्टोरेजच्या स्वतंत्र अॅडमिन एपीआयमध्ये (व्यवस्थापनाच्या आज्ञा स्वीकारणाऱ्या दारात) असतात. दुसऱ्या प्रकारची साधने हा एपीआय वापरतात, म्हणून खऱ्या अर्थाने डॅशबोर्ड म्हणावीत ती हीच. मात्र त्यांच्याजवळ सर्वाधिकार असलेले टोकनही (पासवर्डसारखी गुप्त खूण) असते, आणि जाहिरातीतल्या चित्रांत ते दिसत नाही.

लहान मांडणीसाठी मी गॅराज हे ऑब्जेक्ट स्टोरेज आणि त्यावरचा 'गॅराज वेब यूआय' हा स्वतंत्रपणे विकसित झालेला डॅशबोर्ड निवडला. नोडची स्थिती, लेआउट (कोणत्या नोडवर किती डेटा ठेवायचा याची आखणी), बकेट, की आणि फायलींची यादी हे सारे एकाच ठिकाणी मिळते, आणि गॅराजची कॉन्फिग फाइल दाखवली की तो चालू होतो. स्वतःचा डेटाबेस तो मागत नाही, त्यामुळे उद्या तो काढून टाकला तरी स्टोरेजला काही धक्का लागत नाही. लेआउटमधला बदल आधी मांडायचा आणि मग लागू करायचा, ही गॅराजची दोन पायऱ्यांची पद्धत मला विशेष आवडते, कारण चुकीची क्षमता लिहिली गेली तरी ती लागू करण्यापूर्वी पुन्हा एकदा डोळ्यांखालून जाते. पण लॉगिनसाठीचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू करताना द्यायची सेटिंग) आपण भरला नाही, तर हा डॅशबोर्ड पासवर्ड न विचारताच उघडतो. गॅराजमध्ये गुप्त की नंतरही पाहता येत असल्याने, अशा उघड्या पानाचा अर्थ सर्व बकेटच्या किल्ल्यांचा जुडगा दारातच टांगून ठेवणे असा होतो. शिवाय त्यात अधिकारांचे स्तर नाहीत. जो आत आला तो मालकच.

अनेक जणांना वेगवेगळे अधिकार द्यायचे असतील, तर मी सेफ या मोठ्या स्टोरेज प्रणालीच्या डॅशबोर्डकडे बोट दाखवेन. केवळ वाचनाची आणि केवळ ऑब्जेक्ट गेटवे (एस-थ्रीच्या विनंत्या हाताळणारा भाग) सांभाळण्याची अशा तयार भूमिका त्यात आहेत, आणि तो सेफच्या मॅनेजर प्रक्रियेतच चालत असल्याने त्यासाठी निराळी सेवा चालवावी लागत नाही. अर्थात डॅशबोर्ड चांगला आहे म्हणून कोणी सेफ उभारू नये. मुंगीसाठी हत्तीचा हौदा आणल्यासारखे ते होईल. सीवीडएफएस या आणखी एका स्टोरेजनेही आता 'वीड अॅडमिन' हा स्वतःचा व्यवस्थापन भाग दिला आहे, तो आधीपासून सीवीडएफएस वापरणाऱ्यांनी पाहावा.

निवड पक्की करण्यापूर्वी मी प्रत्येक डॅशबोर्डवर एकच छोटी परीक्षा घेतो: एका फाइलचा तात्पुरता दुवा तयार करायचा आणि तो बाहेरच्या नेटवर्कवरून उघडायचा. असा दुवा गुप्त कीने स्वाक्षरी केलेला असतो आणि त्या स्वाक्षरीत होस्टचे (सर्व्हरच्या पत्त्याचे) नावही धरलेले असते, त्यामुळे डॅशबोर्ड स्टोरेजशी अंतर्गत पत्त्यावर बोलत असेल, तर त्याने दिलेला दुवा बाहेर उघडत नाही आणि पत्ता हाताने बदलला तर स्वाक्षरी जुळत नाही. एका डॅशबोर्डवर हे कळेपर्यंत माझी अख्खी संध्याकाळ प्रॉक्सीच्या (बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या) सेटिंगमध्ये गेली, आणि दोष प्रॉक्सीचा नव्हताच.

दुसरी गोष्ट जागेच्या हिशेबाची. तुकड्यांत चढवताना मध्येच थांबलेल्या फायलींचे तुकडे डिस्क व्यापतात, पण नेहमीच्या यादीत दिसत नाहीत; म्हणून डॅशबोर्डवरील बेरीज आणि प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ बसेना, तर आधी हे अपूर्ण अपलोड शोधावेत. गॅराजमध्ये ते साफ करण्याची स्वतंत्र कमांड आहे, आणि डॅशबोर्ड पसंत पडल्यानंतरही त्या कामासाठी मी टर्मिनलच उघडतो.