प्लेराइटचं सेव्ह केलेलं लॉगिन: चार स्टार, पाचवा सेशनस्टोरेजपायी कापला

ऐरोली-महापे पट्ट्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, टेस्ट सूट (आपोआप चालणाऱ्या टेस्टचा अख्खा संच) का रखडतो, तर पहिलं नाव लॉगिनचंच निघेल. दर टेस्टला युजरनेम टाका, पासवर्ड टाका, डॅशबोर्ड लोड व्हायची वाट बघा, आणि वर ओटीपी असला तर विचारूच नका. मग टीममधलं कुणीतरी हुशार म्हणतंच, अरे एकदाच ब्राउजर उघडून ठेव ना, सगळ्या टेस्ट त्यातच पळव. सेलेनियमवाले (ब्राउजर आपोआप चालवणारं जुनं टूल) हे कधीपासून करतायत, क्रोम ९२२२ पोर्टवर डिबगिंगला चालू ठेवायचा आणि त्यालाच जाऊन चिकटायचं. स्वतःच्या मशीनवर एकच टेस्ट सारखी सारखी चालवून बघायची असेल तर झकास आहे (क्रोम १३६ पासून मात्र नेहमीच्या प्रोफाइलवर हे पोर्ट उघडत नाही, डेटा फोल्डर वेगळा द्यावाच लागतो). पण अख्खा सूट असा चालवला की एका टेस्टने लावलेला फिल्टर पुढचीला तसाच दिसतो, एखादी पॉपअप उघडा टाकून फेल झाली की तिच्यामागच्या सगळ्या लाल, आणि खरा बग कुठला ते शोधत बसा.

प्लेराइट मला आवडलं ते इथेच. मायक्रोसॉफ्टचं ब्राउजर टेस्टिंगचं टूल आहे, २०२० मध्ये आलं, ओपन सोर्स, फुकट. ब्राउजर प्रोसेस वर्करभर (वर्कर म्हणजे टेस्ट पळवणारी एक प्रोसेस) तीच राहते पण प्रत्येक टेस्टला नवा कोरा कॉन्टेक्स्ट मिळतो, इनकॉग्निटो विंडोसारखा, आणि तो उघडायला वेळच लागत नाही. लॉगिन एकदा सेटअपमध्ये करायचं, कुकीज आणि लोकलस्टोरेज (साइट ब्राउजरमध्ये साठवते तो डेटा) एका जेसन फाइलमध्ये उतरवून घ्यायचं (याला ते स्टोरेज स्टेट म्हणतात) आणि कॉन्फिगमध्ये तो पाथ देऊन टाकायचा, बस. ठाणे-वाशीचा महिन्याचा पास काढला की रोज तिकिटाच्या लायनीत उभं राहावं लागत नाही, पण म्हणून सगळे एकाच सीटवर बसत नाहीत ना, तसंच. लॉगिन सगळ्यांचं एक, जागा ज्याची त्याची.

आता एक स्टार का कापला. सेशनस्टोरेज (टॅब बंद केला की पुसला जाणारा डेटा) त्या फाइलमध्ये येत नाही, ज्या अ‍ॅपचा टोकन (लॉगिन झाल्याची खूण) तिथे असतो त्यासाठी स्वतः स्क्रिप्ट लिहून तो परत भरावा लागतो, वैताग आहे. इंडेक्सडीबीची (ब्राउजरमधलाच छोटा डेटाबेस) सोय १.५१ व्हर्जनला आली, तीही ऑप्शन देऊन चालू करावी लागते, फायरबेस ऑथवाल्यांनी (गूगलची लॉगिन सेवा) लक्षात ठेवा.

बाकीची दुखणी टूलची नाहीत, पण भोवतात. लॉगआउटची टेस्ट याच सेव्ह केलेल्या लॉगिनवर चालवली तर सर्व्हर ते सेशनच मारतो आणि उरलेल्या टेस्ट थेट लॉगिन पेजवर जाऊन पडतात, तिला वेगळं लॉगिन द्या. टेस्ट पॅरलल पळवत असाल आणि त्या सर्व्हरवर काही बदलत असतील, कार्टमध्ये टाकणं, प्रोफाइल एडिट वगैरे, तर एका अकाउंटवर भागत नाही, दर वर्करला एक अकाउंट मागून घ्या. मॅनेजर विचारेल इतकी कशाला, तरी घ्याच. आणि ती जेसन फाइल गिटमध्ये (टीमचा कोड ठेवतात तिथे) टाकू नका हो! त्यातल्या कुकीज म्हणजे चालू लॉगिन, जिच्या हाती लागली ती व्यक्ती पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत.

सायप्रेसवर (असंच दुसरं टेस्टिंग टूल) असाल तर तिथे सेशन कमांड आहे, १२ व्या व्हर्जनपासून पक्की झाली, काम तेच, त्यासाठी टूल बदलायची गरज नाही. क्लायंटमुळे सेलेनियमवर अडकलेल्यांनीही उघडा ब्राउजर शेअर करण्यापेक्षा कुकीज काढून नव्या ड्रायव्हरला (म्हणजे नव्याने उघडलेल्या ब्राउजरला) लावाव्यात, फक्त लावण्याआधी त्या साइटचं एखादं पान उघडा, नाहीतर इनव्हॅलिड कुकी डोमेनचा एरर ठरलेला. आणि टोकन लोकलस्टोरेजमध्ये असेल तर नुसत्या कुकीजने काही होणार नाही, जावास्क्रिप्ट चालवून तोही भरा.