लेकीचं सुकन्या खातं : स्कीम झकास, काउंटर बेकार

इंदूरला रामबागेत राहतो, पोरगी चार वर्षांची. आई रोज मागे लागायची की अरे तिच्या नावानं काहीतरी टाक, म्हणून शेवटी पोस्टात सुकन्या समृद्धी (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) खातं उघडलं. कुठलं पोस्ट ते सांगत नाही, पण तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा फॉर्म संपलेले, दुसऱ्यांदा सर्व्हर डाऊन, तिसऱ्यांदा साहेब पोहे खायला गेलेले (इंदूर आहे, माफ केलं).

स्कीम मात्र खरंच दमदार आहे भिया. जानेवारी २०२४ पासून व्याज ८.२ टक्के होतं, दर तीन महिन्यांनी सरकार दर बघतं म्हणून तेवढाच राहील असं धरून चालू नका, मधे ७.६ वर पण आलेला. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, भरायचे १५ वर्षं आणि खातं पिकतं उघडल्यापासून २१ वर्षांनी. व्याजावर टॅक्स नाही. भरलेल्या पैशांवरची टॅक्सची सूट (८०सी) फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये मिळते, हे काउंटरवर कोणी बोललं नाही, मी नव्यात आहे त्यामुळे ती गेलीच.

मला खटकलं ते हे की कॉलेजच्या फीसाठी १८ वर्षांनंतर किंवा दहावी झाल्यावर निम्मेच पैसे काढता येतात, म्हणून सगळा भार यावर टाकला नाही, एक छोटी एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक हप्त्यानं गुंतवणूक) पण चालू ठेवलीये. आणि हो, पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

स्कीमला साडेचार, काउंटरला दीड स्टार.