सिसिलीचं डीएलसी: सिकेल छान, पण ड्युकेटियसला शरण जाता येत नाही

प्राचीन काळातल्या लढायांच्या गेमचं हे सिसिली बेटावरचं डीएलसी, म्हणजे वेगळं विकत घ्यायचं जोड-पॅक. त्यात सिकेल, म्हणजे ग्रीकांच्या आधीपासून सिसिलीत राहणारे स्थानिक लोक, घेऊन खेळता येतं. गेल्या अपडेटनंतर माझं सिकेलांचं कॅम्पेन उघडेना. सपोर्टचं छापील उत्तर: सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करा. एवढे जीबी परत उतरवायचे तर डेटा काय यांचा काका भरणार? शेवटी एका जुन्या ऑटोसेव्हवरून गाडं सुरू झालं. चिडलोच आहे, तर गेले काही महिने मनात साचलेलंही लिहून टाकतो.

सैन्य बघून सुरुवातीला वाटलं, फसलो. सेलमध्ये का होईना, पैसे मोजून सिकेल घेतले आणि हातात आले रंग बदललेले ग्रीक हॉप्लाइट (ढाल-भालेवाले पायदळ)! पण खेळत गेलो तसं मत बदललं. कॅम्पेन सुरू होतं इ.स.पू. ४६० च्या आसपास. तोवर ग्रीकांना सिसिलीत येऊन पावणेतीनशे वर्षं झालेली, मॉर्गान्तिनासारख्या सिकेल गावांत ग्रीक भांडी नि ग्रीक धाटणीची देवळं रुळलेली. कातडी पांघरलेले रानटी दाखवले असते तर ते जास्त खोटं ठरलं असतं. आग्नेय सिसिलीतल्या पँटालिकाचे कडे आणि त्यांत कोरलेली हजारो थडगी तर झूम करून बघत बसावीत अशी.

सिकेलांच्या पालिकी या जुळ्या देवांचं तळं मात्र वाया घालवलंय. वायूमुळे खदखदणारं पाणी, तिथे खोटी शपथ घेणारा आंधळा होतो ही श्रद्धा, मालकाच्या छळातून पळालेल्या गुलामांना तिथे मिळणारा आसरा. गेममध्ये काय? सुव्यवस्थेच्या गुणांत अधिक चार. बस्स.

आता खरं दुखणं. सिकेल गावांची एकजूट बांधणारा ड्युकेटियस इ.स.पू. ४५० च्या सुमारास सिराक्यूज या सिसिलीतल्या बलाढ्य ग्रीक शहराकडून हरला, सोबतचे पांगले. तेव्हा गडी रात्री घोड्यावर बसून थेट सिराक्यूजमध्येच गेला आणि चौकातल्या वेदीपाशी शरणार्थी म्हणून बसला. सभा भरली. काही म्हणाले शिक्षा करा, वडीलधारे म्हणाले शरण आलेल्याला हात लावायचा नाही. त्याला खर्चापाण्यासकट ग्रीसमधल्या कॉरिंथला धाडलं. काही वर्षांतच पठ्ठ्या परतला आणि उत्तर किनाऱ्यावर काले आक्ते हे नवं शहर वसवू लागला.

अशी गोष्ट आयती मिळालेली असताना गेम काय करतो? शेवटचं सैन्य पडलं की नेता ठार, कॅम्पेन खलास. शरण जाणं नाही, हद्दपारी नाही, परत येणं तर नाहीच. बरं, लग्न, फितुरी, ओलीस यांसाठी पर्यायांच्या खिडक्या ढिगाने आहेत. मग यासाठी एक खिडकी जड झाली? मला सिराक्यूज जिंकायचंच नाहीये हो, मला नीट हरायचंय!

सध्या जुगाड असा: मोठ्या लढाईआधी भालेकऱ्यांची एक तुकडी उत्तर किनाऱ्यावर ठेवून द्यायची. मुख्य सैन्य बुडालं तरी गट जिवंत राहतो आणि तिथे वस्ती उभारता येते. नेता मात्र मरतोच, आणि गादीवर येणाऱ्या वारसाचे गुण बघून रडू येतं.

पूर्ण किमतीला घेऊ नका. निम्म्यावर आलं तर घ्या, आणि आधी ऑटोअपडेट बंद करा.