क्लोस्टरनॉयबुर्ग मठ: आग्नेससाठी जाणार असाल तर कुठली फेरी घ्यावी

व्हिएन्नाच्या उत्तरेला डॅन्यूबकाठी असलेल्या या मठात वेगवेगळ्या फेऱ्यांची वेगवेगळी तिकिटं मिळतात आणि पहिली चूक तिकीट खिडकीवरच होते. राजेशाही दालनांची फेरी भारदस्त वाटते म्हणून तीच घेतली जाते. तो सगळा भाग अठराव्या शतकातल्या सम्राट सहाव्या कार्लचा. त्याला इथे नऊ घुमटांचा महाल हवा होता, झाले दोनच. आग्नेस, म्हणजे मठ उभारणाऱ्या बाराव्या शतकातल्या लिओपोल्डची बायको, तिथे कुठेही भेटत नाही. तिच्यासाठी चर्च आणि लिओपोल्ड चॅपेल दाखवणारी, मार्गदर्शकासोबतची फेरीच घ्यावी.

जाण्याआधी तिची दोन लग्नं डोक्यात पक्की हवीत, नाहीतर समोर फक्त तिचा दुसरा नवरा, पुढे संत ठरलेला लिओपोल्ड दिसतो. आग्नेस ही पवित्र रोमन सम्राट चौथ्या हाइनरिशची मुलगी. १०७९ मध्ये, ती जेमतेम सहा-सात वर्षांची असताना, बापाने तिचं लग्न फ्रीडरिशशी ठरवलं आणि सोबत त्याला स्वाबियाचा (नैर्ऋत्य जर्मनीतला प्रांत) ड्यूकही केलं. ११०५ मध्ये फ्रीडरिश वारला. तेव्हाच तिचा भाऊ पाचवा हाइनरिश बापावर उलटला होता. ऑस्ट्रियाचा मार्कग्राफ (सीमाप्रांताचा सरदार) तिसरा लिओपोल्ड ऐन वेळी बापाची बाजू सोडून मुलाला मिळाला आणि ११०६ मध्ये आग्नेस त्याच्या घरी गेली. उघडउघड सौदाच. पहिल्या घरातून जर्मनीचा राजा तिसरा कोनराड आणि सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाचे वडील, दुसऱ्या घरातून इतिहासकार ओटो फॉन फ्रायझिंग: एवढी माणसं या एका बाईची मुलं.

मठाची दंतकथा मात्र वेगळंच सांगते. लग्नानंतर वाऱ्याने नव्या नवरीची ओढणी उडाली, नऊ वर्षांनी शिकारीत लिओपोल्डला ती एल्डर नावाच्या झुडपावर जशीच्या तशी सापडली आणि तिथेच मठ उभा राहिला. गोष्ट गोड आहे, पण ही ‘नवी नवरी’ तिशी ओलांडलेली, मुलंबाळं असलेली विधवा होती! पायाभरणी १११४ ची. खजिन्यातला १७१४ चा ओढणीचा मॉन्स्ट्रन्स (पवित्र वस्तू दाखवण्याचं सुशोभित पात्र) बघताना एवढं लक्षात असू द्या; कारागिरी मात्र अव्वल.

फेरीत सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो व्हेर्दूनच्या निकोलासने ११८१ मध्ये पूर्ण केलेल्या मिन्याच्या वेदीला. पट्ट्या ५१. मूळ काम प्रवचनाच्या व्यासपीठासाठी होतं. १३३० च्या आगीनंतर सहा पट्ट्या वाढवून त्याची वेदी झाली. नुसतं डावीकडून उजवीकडे वाचत गेलात तर गोंधळ होईल. प्रत्येक उभा स्तंभ एकेक घ्या: मधल्या ओळीत ख्रिस्ताचा प्रसंग, वर बायबलमधल्या मोशेच्या आधीचा आणि खाली नंतरचा जुन्या करारातला जोड-प्रसंग. वेदीच्या वर लिओपोल्डच्या अस्थी आहेत. आग्नेसही याच मठात विसावली, ११४३ मध्ये.

संग्रहालयातलं बाबेनबर्ग, म्हणजे लिओपोल्डच्या घराण्याच्या, वंशवृक्षाचं चित्र चुकवू नका. पंधराव्या शतकाच्या अखेरचं. पुरुष मधल्या फलकावर, बायका बाजूच्या दोन फलकांवर, त्यामुळे आग्नेस बाजूला शोधावी लागते. संग्रहालय वर्षभर उघडं नसतं. हिवाळ्यात जाणार असाल तर आधी चौकशी करा.

व्हिएन्नाहून एस४० लोकलने क्लोस्टरनॉयबुर्ग-किर्लिंगला उतरा, पुढे थोडी चढण आहे. १५ नोव्हेंबर, लिओपोल्डचा सण, टाळलेला बरा: त्या दिवशी गर्दी, तिथल्या प्रथेप्रमाणे, ५६,००० लिटरच्या वाइनच्या पिंपावरून घसरायला आलेली असते.