छोट्या गावचे कुस्ती मैदान: बाहेरगावच्या प्रेक्षकाचा अभिप्राय

माघापासून वैशाखापर्यंत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जत्रांची मैदाने फिरून पाहण्याचा माझा नेम आहे. मोठ्या इनामांच्या मैदानांचे वर्णन वर्तमानपत्रांत येते, परंतु यात्रा कमिटीने वर्गणी काढून भरवलेल्या लहान मैदानात परगावच्या माणसाची सोय कशी लागते, हे सहसा कोणी लिहीत नाही. यंदाच्या चैत्रात मिरज तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावी असे मैदान पाहिले. पुढे काही तक्रारी असल्यामुळे गावाचे नाव देत नाही.

साताऱ्याहून पॅसेंजरने नांद्रे स्थानकावर उतरलो आणि तेथून वडापने, म्हणजे प्रवासी घेणाऱ्या खासगी गाडीने, गाव गाठले. मैदानाला प्रवेशमूल्य नव्हते. वेशीवरच्या फलकावर पहिल्या पाच जोडांची नावे, तालमी आणि इनामाच्या रकमा स्पष्ट छापल्या होत्या. नवख्या प्रेक्षकाला एवढी माहिती पुरेशी असते, कारण उरलेल्या कुस्त्या बहुधा मैदानातच जोडल्या जातात.

जागेची निवड हे या मैदानाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय. ओढ्याच्या उतरणीला तळाशी हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, केलेला असल्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याच्या फेट्यावरून मल्लांचे पाय दिसतात. आणि कुस्ती ज्याला समजून घ्यायची आहे त्याला पायच दिसले पाहिजेत. माती उत्तम होती. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद आणि कापूर मुरवला होता. पूजनाआधी मूठभर माती हातात घेऊन दाबली, तेव्हा तिचा गोळा झाला आणि बोट लावताच तो सुटला. अशा मातीत आपटलेला मल्ल पुन्हा उभा राहतो. खडे राहिलेल्या हौद्यात कोवळ्या पोरांच्या कोपरांची सालटी निघालेली मी पाहिली आहेत, म्हणून या कमिटीचे मनापासून कौतुक करतो.

लहान मुलांच्या कुस्त्यांसाठीच मी लवकर जातो. येथे दहाएक वर्षांच्या एका मुलाने आपल्याहून वीतभर उंच जोडीदाराला ढाक या डावावर घेतले आणि हलगीचा ठेका बदलायच्या आत चितपट केले. पापण्यांपर्यंत माती माखलेला तो मुलगा कडेने फिरू लागला, तसे लोक त्याला हाक मारून नोटा देत होते. त्याने त्या मोजल्यासुद्धा नाहीत. सरळ वस्तादांच्या हाती दिल्या, आणि वस्तादांनी खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला विचारले, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" सातारा म्हणताच ते सरकले आणि म्हणाले, "मग पुढं या की. खाशाबांच्या जिल्ह्यातलं तुम्ही." कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्याचा मान सत्तर वर्षांनंतर मला असा बसायच्या जागेच्या रूपाने मिळाला. त्यांच्या तोंडूनच मग कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांच्या गोष्टी ऐकल्या. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमन प्रकारात (यात कमरेखाली पकड चालत नाही) रौप्य, तर आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य पटकावले होते.

मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर संपते. मातीत पाठ टेकेपर्यंत निकाल नाही आणि गुणफलकही नसतो, त्यामुळे प्रेक्षकाची सारी भिस्त निवेदकावर असते. येथील निवेदकांना डावांची उत्तम जाण होती. दुसऱ्या क्रमांकाच्या कुस्तीत वरच्या मल्लाने मानेवर गुडघ्याचा भार देऊन घिस्सा हा डाव ओढायला घेतला, तेव्हा खालचा मल्ल मान का आवळून धरतो आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले आणि नंतर ते गप्प राहिले. त्या शांततेत मातीवर घासणाऱ्या कोपरांचा आवाज उतरणीवर ऐकू येत होता.

आता तक्रारी. फलकावर तीनची वेळ होती. पहिली कुस्ती साडेचारला लागली. त्यानंतरही रंगात आलेल्या मैदानात दोनदा सत्कार झाले, आणि दोन्ही वेळा लांग (लंगोट) कसून उभे असलेले मल्ल अंग गार पडेपर्यंत तिष्ठत राहिले. पाहुण्यांचा सन्मान अवश्य करावा, पण तो मैदान सुरू होण्याआधी उरकावा. पश्चिमेकडे उभारलेल्या व्यासपीठाने तिकडच्या निम्म्या लोकांची नजर अडवली होती. पिण्याच्या पाण्याचा एकच टँकर होता आणि तो सहालाच संपला.

सर्वांत खटकली ती महिलांची गैरसोय. याच तालुक्यातील तुंगच्या प्रतीक्षा बागडी यांनी २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी होण्याचा मान मिळवला, आणि या मैदानातही मुलींच्या चार चांगल्या कुस्त्या झाल्या. मात्र त्या मुलींच्या आया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या आडोशाला उभ्या होत्या. त्यांना बसायला राखीव जागा नव्हती आणि स्वच्छतागृह तर नव्हतेच. कमिटीतल्या एका कार्यकर्त्याला हे सांगितले, तेव्हा त्याने वाद घातला नाही. खिशातली डायरी काढून टिपून घेतले.

पहिल्या क्रमांकाची कुस्ती पाऊण तास चालूनही बरोबरीत सोडवली गेली. लोक नाराज झाले, पण मला ती लुटुपुटूची वाटली नाही. दोघांनीही पट काढण्याचे, म्हणजे पाय धरून पाडण्याचे, खरे प्रयत्न केले आणि दोघांचाही बचाव चोख होता.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी चारच्या सुमारास पोहोचून पूर्वेच्या उतरणीवर बसावे. तेथे ऊन पाठीवर घेण्याऐवजी तोंडावर घ्यावे लागते, पण व्यासपीठ आड येत नाही. पाणी आणि टोपी जवळ असू द्यावी. परतीचे शेवटचे वडाप साडेआठला सुटते आणि ते शेवटच्या कुस्तीसाठी थांबत नाही; मला सांगलीपर्यंत त्या आजोबांच्या नातवाने दुचाकीवरून सोडले.